कधी रुजू होऊ शकाल

नागपूर,
४ जून २०१८

प्रिय बाबा,

जयभीम. फोनवर तुम्ही नुसतं "हाव, हाव" म्हणता आणि फोन ठेवल्यावर आईला विचारता, काय म्हणत होती? खांबावरची डीपी फुटली तेव्हा कान गेले, पण ऐकू येतं हे सोंग काही सुटत नाही तुमचं. म्हणून हे पत्र. ही गोष्ट आईच्या तोंडून अर्धीमुर्धी कळायला नको.

मला मुलाखतीचं बोलावणं आलंय. तासावर शिकवायचं काम नाही, पक्की प्राध्यापकाची जागा आहे, तीही मोठ्या विद्यापीठात. विषय आहे "शाश्वतता विज्ञान आणि ऊर्जा धोरण". नाव ऐकून घाबरू नका. वीज कशापासून करायची, कोणाला कोणत्या वेळी द्यायची आणि आपल्या मागून येणाऱ्यांसाठी काही उरणार की नाही, हे सगळं एकत्र शिकवायचं. तुम्ही जन्मभर लाइनमन म्हणून खांबावर चढून जी वीज जोडली, ती आपल्या करडी गावातल्या शेतकऱ्याच्या पंपाला रात्रीच का मिळते आणि कारखान्याला दिवसा का, यावरच तर माझी पीएच.डी. झाली.

जागा आपल्या लोकांसाठी राखीव आहे. या विषयात अशी जागा पुन्हा निघेल असं मला वाटत नाही. नऊ वर्षं मी इथल्या कॉलेजात तासावर शिकवतेय. मे महिना आला की कमाई बंद, जून आला की पुन्हा नव्याने अर्ज. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलं पक्की झाली. एवढी एक जागा मिळाली तर मी माणसासारखी जगेन, बाबा. आईला सांगा, पण गावात बोलू नका.

तुमची,
तृप्ती


करडी,
१२ जून २०१८

चि. तृप्तीले बाबाचा जयभीम.

तुहं पत्र तुह्या मायनं आधी वाचलं, मंग मले देल्लं. पत्र माह्या नावानं, अन् हक्क तिचा. सोंग करतो म्हणतेस, तं करतो. म्हाताऱ्या माणसानं आणखी काय करावं?

रात्रीची लाइट काहून देतेत, हे मले कोण्या साहेबानं सांगतलं नाही. मीबी इचारलं नाही. तू लहान असताना इचारत होतीस, अन् मी म्हणत होतो, चूप बस, जेव. पाय, त्याच सवालाची तुले डॉक्टरी भेटली.

मुलाखतीले पाच माणसं बसली असतील तं पाचहीकडं पाहून बोलजो. एकाकडंच पाह्यलं की बाकीचे चार नाराज होतात. अन् लवकर बोलू नको, तुले घाई लय.

इकडं धानाचे पऱ्हे टाकले आहेत, पाण्याची वाट पाहून राहिलो. शेजारच्या मंगलाबाईची रीना बारावी पास झाली, सायन्समधून. बाप नाही त्या पोट्टीले. माय दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं रोवणा करते अन् म्हणते, भाऊजी, स्थळ येऊन राहिले, उजवून टाकतो. मी म्हणलं, थांब जराशी, आमच्या तृप्तीचं काय होते ते पाहू. गावात काही बोललो नाही. हे बोलणं नव्हे.

तुहा बाबा,
सुखराम


नागपूर,
३ जुलै २०१८

प्रिय बाबा,

झाली मुलाखत. आज सकाळी परत आले आणि तशीच लिहायला बसले.

सुरुवातीलाच एका साहेबांनी विचारलं, नंदागवळी म्हणजे कुठले? मी म्हटलं, भंडारा जिल्हा. ते म्हणाले, तसं नाही, म्हणजे मूळचे? मी पुन्हा म्हटलं, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, करडी. मग त्यांनी कागद खाली ठेवला. दुसरे म्हणाले, तुमचं काम चांगलं आहे, पण ते शेतीपंपापुरतंच आहे, यात ऊर्जाव्यवस्था कुठे आहे? बाबा, मी घाई केली नाही. पाचही जणांकडे पाहिलं आणि म्हटलं, सर, अख्ख्या राज्याचे पंप कोणत्या वेळी चालवायचे हे ठरलं की कोळसा किती जाळायचा तेही ठरतं, मग ही व्यवस्था नाही तर काय? फळ्यावर आकृती काढून दाखवली. एक बाई होत्या, त्या मान हलवत होत्या. त्या म्हणाल्या, फार स्पष्ट मांडता तुम्ही.

आणि शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "कधी रुजू होऊ शकाल?"

मी म्हटलं, सर, सांगाल तेव्हा. बाहेर येऊन बाकावर बसले. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आता वाट पाहायची.

तुमची,
तृप्ती


करडी,
२९ जुलै २०१८

प्रोफेसर बाईले तिच्या बाबाचा जयभीम.

तुहं पत्र वाचलं अन् मी तुह्या मायले म्हणलं, झालं काम. ती म्हणे, कागद तं येऊ द्या. मी म्हणलं, बायको, तुले सरकारी काम काय समजते? अठ्ठ्याहत्तर साली साकोलीच्या हापिसात साहेबानं मले एकच सवाल केला होता, "कधीपासून येतोस?" दुसऱ्या दिवशी मी खांबावर होतो. कागद मागून आला. ज्याले घ्याचं नाही त्याले साहेब लोक तारीख इचारत नाहीत. ही आपल्या खात्यातली पक्की गोष्ट आहे.

तू म्हणलं होतं गावात बोलू नका. नाही बोललो म्हण ना मी पंधरा दिवस. मंग विहारात तोंडून निघून गेलं. धर्मेंद्र आमच्या मंडळाचा अध्यक्ष, तो ऐकतो कायले? मोहाडीतून फ्लेक्स बनवून आणला अन् बस थांब्यावर लावला. "प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." तुहा फोटो वर बारकासा, अन् खाली मंडळाच्या पोट्ट्यायचे फोटो मोठे मोठे, गॉगल लावून. मी म्हणलं, बाप्पा, प्रोफेसर कोण झालं, हे का ती? पण लोक उभं राहून वाचून राहिले.

परवा आषाढ पौर्णिमेले विहारात खीर केली. तुह्या मायनं स्वतः खिरीचा गंज घोटला, कोणाले हात लावू देल्ला नाही. पाटलाच्या घरचे लोकबी येऊन खाऊन गेले, आजवर आले नव्हते ते. मले म्हणाले, सुखरामजी, पोरगीनं नाव काढलं. आधी मले सुखऱ्या म्हणत होते.

अन् खरी गोष्ट आता सांगतो. मंगलाबाई फ्लेक्सजवळ लय वेळ उभी होती. मंग घरी आली अन् म्हणे, भाऊजी, माही रीना अशी होईन का? मी म्हणलं, काहून नाही होणार. गेल्या हप्त्यात मीच संगं जाऊन रीनाचं नाव भंडाऱ्याच्या कॉलेजात टाकून आलो. होस्टेलबी भेटलं. आलेली स्थळं मंगलाबाईनं वापस केली.

तू कधी जाऊन राहिली? तारीख कळवजो.

तुहा बाबा


नागपूर,
२१ ऑगस्ट २०१८

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. फ्लेक्सचा फोटो धर्मेंद्रने फोनवर पाठवला होता.

विद्यापीठाचं काम सावकाश चालतं. एक सही इथे, एक तिथे. वेळ लागेल. तुम्ही सारखं विचारू नका. लोकांनी विचारलं तर सांगा की मी कामात आहे. ते काही खोटं नाही.

रीनाला माझे आशीर्वाद. तिला म्हणावं गणित सोडू नको. आईने गंज घोटला, तिचा खांदा दुखत असेल, तेल लावायला सांगा.

तृप्ती


करडी,
२८ सप्टेंबर २०१८

चि. तृप्तीले जयभीम.

तुहं पत्र एवढुसं काहून? कुठं माशी शिंकली? लोक रोज इचारतात, रुजू झाली का? पहिले म्हणत होतो, होऊन राहिली. आता सांगून देल्लं, झाली. तुले विद्यापीठातून एवढा उशीर होते तं मी काय करू? म्हाताऱ्याले खोटं बोलाची पाळी नको आणू.

रीना पोळ्याले घरी आली होती. पोट्टीचं बोलणंच बदललं. माह्याजवळ बसून मले शिकवे, काका, सूर्यावरचे पंप असे चालतात. ताईसारखा विषय घेतो म्हणे. मंगलाबाई पदरानं डोळे पुसून राहिली होती.

आता ऐक. दसऱ्याले मी दीक्षाभूमीवर येतोच, रीनालेबी आणतो. तिथून तू, मी अन् रीना रेल्वेनं तुह्या विद्यापीठात जाऊ. मले काही नको. दरवाज्यावर नंदागवळी नाव लिहिलं असन, तेवढं डोळ्यानं पाहून वापस येतो. रीनालेबी दिसन. तिकीट धर्मेंद्र काढून देतो म्हणे. तारीख सांग.

तुहा बाबा


नागपूर,
५ ऑक्टोबर २०१८

बाबा,

तिकीट काढू नका.

निकाल ऑगस्टच्या सुरुवातीलाच लागला होता. आम्हा सहा जणांना बोलावलं होतं. संकेतस्थळावर एकच ओळ आली: "योग्य उमेदवार आढळला नाही." सहापैकी एकही नाही. जागा तशीच रिकामी ठेवली. त्याच आठवड्यात तुमचं खिरीचं पत्र आलं. मी ते वाचलं आणि कॉलेजात जाऊन चार तास शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

कधी रुजू होऊ शकाल, हे सगळ्यांनाच विचारतात, बाबा. ती नुसती रीत आहे. बाहेर बाकावर बसून आम्ही सहाही जण एकमेकांना तेच सांगत होतो, मलाही विचारलं, मलाही विचारलं. मला माहीत होतं. तरी तुम्हाला लिहिलं, कारण ते लिहिताना मला बरं वाटत होतं. तुम्ही त्याचा फ्लेक्स कराल हे मला कळायला हवं होतं. तुमच्यावर राग नाही. राग कोणावर करावा हेच कळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लपवून उपयोग नाही. गेल्या आठवड्यात त्याच विद्यापीठाच्या विभागप्रमुखांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, जागा भरली नाही, पण मुलांचे प्रवेश झालेत, शिकवायला कोणी नाही. तुम्ही तासावर याल का? अभ्यासक्रमही तुम्हीच बांधून द्या, तुमच्याइतकं या विषयातलं कोणाला कळतं? अगदी याच शब्दांत म्हणाले.

मी हो म्हटलं. इथल्यापेक्षा तासाला थोडे जास्त मिळतील. दसऱ्यानंतर तिकडे जाते. रीनाला काही सांगू नका. तिचं मन लागलंय, लागू द्या.

तृप्ती


करडी,
२० डिसेंबर २०१८

तृप्ती,

लय दिवस लिहिलं नाही. हात उचलत नव्हता.

या साली मी दीक्षाभूमीवर गेलो नाही. छप्पन सालच्या बोलण्यावर माहा बाप जगला, मी जगलो. शीक, शीक, शीक, एवढंच घरात ऐकलं. मी खांबावर चढलो, तुले शिकवलं. आता मले एक सांग. तू शिकवाले योग्य, पुस्तक बांधून द्याले योग्य, मंग खुर्चीत बसाले योग्य काहून नाही? मी रात्रंदिवस हेच इचार करून राहिलो. तुही माय म्हणते, सोडून द्या. काय सोडू? हातात तं काही आलंच नाही.

अन् तू हाव म्हणलंस. त्याईनं तोंडाले पानं पुसली, अन् तू त्यायचंच काम कराले गेलीस. मले लय राग आला तुहा. मंग वाटलं, मी तरी काय केलं असतं? पोटाले लागतेच.

धान कापून झालं. फ्लेक्स मी बस थांब्यावरून काढला. लोकाईले सांगतलं, धानाच्या पुंजण्यावर झाकाले ताडपत्री पुरून नाही राहिली. पाऊस आला होता, तं कामी पडला. कोणी काही इचारलं नाही. गावात अजून तू प्रोफेसरच आहेस. पाटील अजून सुखरामजी म्हणतो. मले ते ऐकू येते तवा वाटते, कान पुरेच गेले असते तं बरं झालं असतं.

बाबा


१७ फेब्रुवारी २०१९

प्रिय बाबा,

नव्या शहरातून लिहितेय. खोली वसतिगृहामागच्या गल्लीत आहे. पाणी सकाळीच येतं. बाकी ठीक.

मुलं चांगली आहेत. मला प्रोफेसर मॅडम म्हणतात. पहिले काही दिवस मी दुरुस्त करत होते, आता करत नाही.

जागेची नवी जाहिरात आली. या वेळी पात्रता बदलली आहे. पदवी अभियांत्रिकीचीच पाहिजे. माझी पर्यावरणशास्त्राची, त्यामुळे मला अर्जच करता येणार नाही. निदान पुन्हा अयोग्य ठरायची भीती गेली. जाहिरातीत विषयाची माहिती दिलीय, ती मी लिहून दिलेल्या अभ्यासक्रमातलीच आहे. वाक्यं सुद्धा माझीच. विभागप्रमुखांना दाखवलं तर म्हणाले, हो, तुमचं मराठी छान आहे.

तुम्ही रागावलात ते बरोबर होतं. पण मला आता राग येत नाही, बाबा. रडूही येत नाही. तास घेते, खोलीवर येते, भात टाकते. नवा माणूस आला की त्याला अभ्यासक्रम समजावून द्यायला थांबा म्हणालेत. बहुतेक थांबेन. दुसरीकडे कुठे जाणार?

रीनाची परीक्षा कधी आहे? तिने काही विचारलं तर मला कळवा.

तृप्ती


करडी,
६ एप्रिल २०१९

तृप्तीले जयभीम.

तुहं पत्र तुह्या मायनं वाचलं अन् चुलीजवळ जाऊन बसली. जेवली नाही. मी ते पत्र खिशात घेऊन फिरून राहिलो. नवा माणूस येईन त्याले समजावून देजो म्हणतात तुले. बाई, गुलामालेबी एवढं नाही सांगत कोणी.

मी एक काम केलं आहे. तुले सांगतो, तू ओरडशील, ओरड.

मंगलाबाईकडं गेलो. म्हणलं, रीनाचं जमवून टाक. सिहोऱ्याचं स्थळ आहे. पोरगा राईस मिलमध्ये कामाले आहे, दारू पेत नाही. मंगलाबाई पाहतच राहिली. म्हणे, भाऊजी, तुम्हीच तं म्हणलं होतं, शिकव. मी म्हणलं, आता मीच म्हणून राहिलो, पुरे झालं. तिनं जास्त इचारलं नाही. ती मले मानते.

मले माहीत आहे तू काय म्हणशील. पण मी तुले पाहून राहिलो. तुह्या वयाच्या इसाव्या सालापासून पाहून राहिलो. अभ्यास केला, उपाशी राहिली, लग्न केलं नाही, अन् आता चाळिशीत वसतिगृहामागं भात टाकतेस अन् रडूबी येत नाही म्हणतेस. त्या पोट्टीचंबी असंच होईन. तिले तं बापबी नाही. तिच्यापाशी कोण बसन? माह्यानं हे दुसऱ्यांदा पाहवत नाही. साक्षगंध या महिन्याच्या सत्तावीस तारखेले आहे, लग्न मागून.

बाबा


१४ एप्रिल २०१९

बाबा,

आज जयंती आहे. बाहेर मिरवणूक चाललीय आणि मी दार लावून हे लिहितेय.

थांबवा ते. हात जोडते, थांबवा. माझं जे झालं ते झालं. ते मी शिकले म्हणून झालं नाही, बाबा. तुम्ही उलटं धरलंय. खुर्ची नाही मिळाली, पण वर्गात उभी राहून मी बोलते ना, ते मला कोणी दिलं? तुम्ही दिलं. मागच्या पत्रात मी थकून काहीबाही लिहिलं, त्याचा असा अर्थ काढाल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला लिहायची मला आता भीती वाटायला लागलीय.

रीनाची परीक्षा चालू असेल. तिला कोणी विचारलं का? तुम्ही मंगलाबाईंकडे जा आणि सांगा, तृप्तीनं सांगितलंय, रीनाचा पुढचा सगळा खर्च मी करते. जमेल मला. सुट्टीत ती माझ्याकडे येऊन राहील. गावातल्या प्रत्येक कार्यात पंचशील तुम्ही म्हणवून घेता सगळ्यांकडून. तुम्ही नाही म्हटलं तर साक्षगंध होणारच नाही. तुमचा शब्द आहे तिथे.

हे पत्र वेळेत पोचू दे.

तृप्ती


करडी,
२ मे २०१९

तृप्ती,

तुहं पत्र साक्षगंधाच्या आदल्या दिवशी भेटलं. वेळेवर भेटलं, पोस्टावर ठपका नको ठेवू.

वाचलं अन् उठलो. मंगलाबाईच्या दारापर्यंत गेलो. मंडप टाकून राहिले होते. ती बाहेर आली, हाताले पीठ लागलं होतं. म्हणे, भाऊजी, तुम्ही सांगतलं तवापासून माही झोप चांगली झाली, नाही तं पोरीच्या काळजीनं डोळा लागत नव्हता. मी म्हणलं, पाणी पाज. पाणी पेलो अन् वापस आलो. तुहं पत्र खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याचे लोक आले. माणसं चांगली आहेत. मीच त्रिशरण, पंचशील म्हणवून घेतलं. रीना आली अन् माह्या पाया पडली. माह्या कानाजवळ तोंड आणून, मले ऐकू यावं असं, म्हणाली, काका, माही काही चूक झाली का? मागच्या परीक्षेत पहिली आली म्हणून तुम्हाले सांगाले येणार होती. मी म्हणलं, नाही बेटा, तुही काही चूक नाही. मंग ती उठली अन् पाहुण्याईले चहा द्याले गेली. लग्न या महिन्याच्या अखेरले आहे. तिचं कॉलेज सुटलं.

तुले नाही म्हणणारे ते साहेब लोक कसे असतील, हे मी सालभर मनात पाहून राहिलो होतो. वाटे, चांगल्या कपड्यातले, दूरच्या शहरातले, आपले कोणी नव्हेत असे. रीनाले नाही म्हणणारा तं मीच निघालो. तिले लहानपणी खांद्यावर बसवणारा, तिचं नाव कॉलेजात टाकणारा. मले तिच्या भल्याचंच वाटत होतं. त्यायलेबी तसंच वाटत असन, कोणास ठाऊक.

तू आता मले काही दिवस लिहू नको. लिहिलं तरी वाचाची माही हिंमत नाही. तुह्या मायनं साक्षगंधापासून माह्याशी बोलणं टाकलं आहे. बरोबरच आहे तिचं.

सुखराम